‘पानी’ म्हणणारे मूल चुकते का?

कळंब तालुक्यातल्या एखाद्या अंगणवाडीत चार वर्षांच्या मुलापुढे पाण्याने भरलेल्या पेल्याचे चित्र धरा आणि ‘हे काय?’ असे विचारा. बरीच मुले ‘पानी’ म्हणतील. उच्चार तपासण्याच्या तक्त्यात या चित्रापुढे ‘ण’ तपासायचा असेल, तर तपासणारा तिथे फुली मारेल. आता ही फुली कुणाच्या नावावर? मुलाच्या जिभेच्या, कानाच्या, की तक्ता बनवणाऱ्याच्या? त्या मुलाची आई ‘पानी’ म्हणते, आजी ‘पानी’ म्हणते. गुरुजी फळ्यावर ‘पाणी’ लिहितात आणि मधल्या सुट्टीत ‘पानी आण रे’ म्हणतात. मुलाने जे ऐकले तेच ते बोलते आहे. म्हणजे त्याचे कान आणि जीभ दोन्ही उत्तम आहेत.

त्याच अंगणवाडीत त्याच वयाची दुसरी मुलगी ‘काकी’ला ‘ताती’ आणि ‘कुत्रा’ला ‘तुत्रा’ म्हणते. घरातले सगळे कौतुकाने हसतात. बोबडे बोल गोड असतात हे खरेच, पण ‘क’च्या जागी ‘त’ येण्याची सवय दोन-अडीच वर्षांच्या मुलात चालून जाते, चार वर्षांनंतर ती तशीच टिकली तर तपासणी हवी. ही मुलगी कुणाच्याही बोलीत बसत नाही, कारण कळंबमध्ये कुणीही मोठा माणूस काकीला ताती म्हणत नाही. पहिल्या मुलाला उगाच फुली मिळते आणि दुसऱ्या मुलीला ‘आपल्याकडे असंच बोलतात, सुधारेल’ असे म्हणून घरी पाठवले जाते. या दोन्ही चुका एकाच कारणाने होतात. या भागातले निरोगी मूल कोणत्या वयात काय बोलते, याचा हाताशी ठेवण्याजोगा तक्ता तपासणाऱ्याकडे नसतो.

असा तक्ता तयार करणे हे संशोधन आहे. त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. चांगला रेकॉर्डर, शांत खोली, विचारपूर्वक निवडलेली चित्रे, कान तयार असलेला विद्यार्थी आणि त्याच्या डोक्यावर एक चिकाटीचा मार्गदर्शक एवढे पुरते. आपल्याकडे वाक् आणि श्रवणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावा लागतो. मुंबईत वांद्र्याला 1983 साली सुरू झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नायर रुग्णालयातला जुना विभाग आहे, पुण्यात भारती विद्यापीठाचे महाविद्यालय आहे. दरवर्षी तिथून तरुण मुले-मुली शिकून बाहेर पडतात आणि त्यांच्याबरोबर प्रबंधांच्या प्रती कपाटात जातात.

जाता जाता एक गोष्ट. ज्यांच्या नावाने ही वांद्र्याची संस्था आहे ते अली यावर जंग महाराष्ट्राचे राज्यपाल होते, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. त्याआधी ते हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते. हे विद्यापीठ 1918 पासून उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देत होते आणि कळंब तेव्हा त्याच निजामी राज्यात मोडत होते. आपल्या बोलीत शिकवायचे की दुसऱ्याच्या, हा वाद या मुलखाला नवा नाही.

प्रबंधाचा विषय ठरतो, नीतिमत्ता समितीची परवानगी येते, तोवर वर्ष निम्मे सरलेले असते. उरलेल्या महिन्यांत पंचवीस-तीस मुले तपासायची. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी ती मुले कुठून आणणार? जवळच्या शाळेतून. म्हणून महाराष्ट्रातल्या मुलांच्या बोलण्याविषयी जे आकडे जमतात ते सहसा विद्यापीठाच्या रिक्षा-अंतरातल्या मुलांचे असतात. विद्यार्थ्याला यासाठी दोष देता येत नाही. त्याला कळंबला पाठवायचे तर जाण्याचे भाडे, राहण्याची सोय, स्थानिक डॉक्टरची साथ आणि गावात शिरताना ओळख करून देणारी आशाताई हवी. ही सोय करणे प्राध्यापकांचे आणि संस्थांचे काम आहे. पण त्यांचीही बढती शोधनिबंधांच्या संख्येवर ठरते, आणि शहरातल्या तीस मुलांवरचा निबंधही निबंधच मोजला जातो.

म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेने यातला काही भाग फार पूर्वी सोडवला. 1965 साली स्थापन झालेल्या या संस्थेने आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवर आधारित लेखांचे खंड काढले, म्हणजे निदान कपाटाचे दार तरी उघडले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे संस्थेने खेड्यांत सेवाकेंद्रे उघडली. मंड्या जिल्ह्यात अक्किहेब्बाळू, नंजनगूड तालुक्यात हुल्लहळ्ळी, चामराजनगर जिल्ह्यात गुंबळ्ळी. ही नावे कर्नाटकाबाहेर कुणी ऐकलेली नसतील, आणि गंमत तिथेच आहे. राष्ट्रीय संस्थेतली तज्ज्ञ मंडळी आणि शिकणारी मुले अशा गावात जाऊन कान तपासतात, तेव्हा त्यांना पुस्तकात नसलेले बोलणे ऐकायला मिळते. महाराष्ट्रात असे गाव कळंब का असू नये?

यावर नेहमीचा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. तालुक्याच्या ठिकाणी स्पीच थेरपिस्ट मिळताना मारामार, आणि तुम्ही संशोधनाच्या गप्पा मारता? आधी उपचार द्या, मग अभ्यास करा. मात्र थेरपिस्ट आला तरी तो कोणत्या मोजपट्टीने मोजणार, हा प्रश्न उरतोच. दिव्यांगजन हक्क कायदा 2016 मध्ये 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत ‘वाचा आणि भाषा’ हा स्वतंत्र प्रकार आहे. प्रमाणपत्रावर चाळीस टक्क्यांच्या अलीकडे की पलीकडे हा आकडा ठरतो, आणि त्या आकड्यावर पुढची शाळा, सवलत, मदत सगळे लटकते. चुकीच्या मोजपट्टीने काढलेला आकडा मुलाच्या मागे वर्षानुवर्षे फिरतो. मोजपट्टी ही उपचाराचीच पहिली पायरी आहे.

कानाचे बघा. ‘स’ हा आवाज उंच पट्टीचा आणि हलका असतो. ऐकू कमी येणाऱ्या बऱ्याच मुलांचा तो आधी हरवतो. ‘तू कधी आलास?’ या वाक्यातला शेवटचा ‘स’ मूल गाळत असेल तर शहरातला तपासनीस सावध होईल आणि कानाची तपासणी लिहून देईल. पण मराठवाड्यातल्या अनेक घरांत ‘तू कवा आला?’ असेच विचारतात. तिथे तो ‘स’ मुळातच नाही, त्यामुळे त्याच्या गळण्यावरून काहीच कळत नाही. कळंबच्या मुलाचा कान पकडायचा तर ‘साखर’, ‘ससा’, ‘ऊस’ असे शब्द घ्यावे लागतील. तालुक्यात बंजारा तांडे आहेत, पारधी वस्त्या आहेत, दख्खनी बोलणारी मुस्लीम घरे आहेत. तिथल्या मुलाची मराठी ही दुसरी भाषा असते. त्या मुलाला मराठीत तपासून ‘भाषाविकास मंद’ असे लिहिणे म्हणजे कळंबच्या मुलाला कानडीत तपासण्यासारखे आहे.

हे सारे कमी वयात का करायचे, याचे एक सुरेख उत्तर आपल्याच आवाजांतून मिळाले आहे. कॅनडातल्या जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी 1984 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या मुलांना त्यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. इंग्रजीला हा फरक माहीत नाही. तरी सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो ओळखू आला. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत ती क्षमता जवळजवळ मावळली, कारण तोवर मेंदूने घरातल्या भाषेचे आवाज जपायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे ठरवलेले असते. पहिला शब्द फुटण्याआधीच भाषेची निम्मी तयारी झालेली असते, ती अशी. ज्या बाळाला ऐकूच येत नाही त्याची ही तयारी पहिल्या दिवसापासून अडते.

म्हणून नवजात बाळांच्या श्रवण तपासणीचा जगभर मान्य झालेला हिशेब एक-तीन-सहा असा आहे. एक महिन्याच्या आत प्राथमिक चाचणी, तीन महिन्यांपर्यंत पक्के निदान, सहा महिन्यांपर्यंत श्रवणयंत्र आणि शिकवणी सुरू. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि सहकाऱ्यांनी दीडशे कर्णबधिर मुलांचा अभ्यास 1998 साली मांडला, त्यात सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा उशिरा सापडलेल्यांपेक्षा स्पष्टपणे सरस निघाली. हजारात एक ते तीन बाळे जन्मतः लक्षणीय बहिरेपणा घेऊन येतात. कळंबसारख्या तालुक्यात वर्षाकाठी अशी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील, आणि तेवढ्यामुळेच ती सुटून जातात. अडीच वर्षांचे होईपर्यंत ‘याचा बाप पण उशिराच बोलला’ हे ऐकावे लागते, वेखंड उगाळून चाटवले जाते, कुणीतरी जिभेखालची तार कापून आणते, देवीला नवस होतो. टाळी वाजवल्यावर मूल वळून बघते म्हणून ‘ऐकू येतं की’ असा निर्वाळा मिळतो. टाळी मोठा आवाज आहे, आणि बऱ्याचदा मूल आवाजाने वळतच नाही, हात हललेला दिसला म्हणून वळते.

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची फिरती पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात, आणि त्यांच्या यादीत ऐकू न येणे, उशिरा बोलणे हे आहे. योजना चांगली आहे. पण कळंब, वाशी, भूम या भागातली कितीतरी घरे दसरा-दिवाळीनंतर कुलूप लावून ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोचा कोयता, मुकादमाची उचल, कारखान्याच्या हद्दीत उभी केलेली कोपी आणि तिच्या दाराशी खेळणारे मूल. पथक हिवाळ्यात गावात आले की नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. पाडव्याच्या सुमाराला घरे उघडतात तेव्हा पथकाचे वेळापत्रक पुढे सरकलेले असते. सहा महिने फडात राहिलेल्या मुलाची भाषा कशी वाढते? दिवसभर मोठी बहीणच त्याला सांभाळते, म्हणजे त्याच्याशी बोलणारे माणूस सात-आठ वर्षांचे असते. त्याच्या कानावर बैलांच्या घुंगरांबरोबर ट्रॅक्टरचा आवाज सतत असतो, थंडीत नाक वाहते आणि कान फुटतो. मुंबईच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला यापेक्षा भरीव विषय कुठे मिळणार आहे?

मात्र गरीब मुलांवर संशोधन हा शब्द उच्चारला की या शास्त्राला आपला एक जुना डाग आठवला पाहिजे. 1939 साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने वेंडेल जॉन्सन या नामवंत प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली अनाथाश्रमातल्या 22 मुलांवर तोतरेपणाचा प्रयोग केला. त्यातल्या नीट बोलणाऱ्या काही मुलांना ‘तू अडखळतोस, जपून बोल’ असे वारंवार सांगण्यात आले. मुले तोतरी झाली नाहीत, पण बोलायला बिचकू लागली, गप्प राहू लागली. प्रबंध ग्रंथालयात पडून राहिला, प्रसिद्ध झाला नाही. 2001 मध्ये एका वर्तमानपत्राने तो उजेडात आणला तेव्हा विद्यापीठाने माफी मागितली आणि पुढे 2007 मध्ये आयोवा राज्याने भरपाई दिली. जॉन्सन स्वतः तोतरे होते, त्यांचा हेतू तोतरेपणाचे मूळ शोधण्याचा होता. चांगला हेतू, हुशार विद्यार्थिनी आणि नाही म्हणू न शकणारी मुले, एवढ्यावर हे घडले.

त्यामुळे कळंबला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आईबापाची संमती त्यांच्या बोलीत समजावून घ्यावी, नुसता अंगठा घेऊ नये. ज्या मुलात दोष सापडेल त्याच्या उपचाराची वाट त्याच दिवशी ठरवावी. आणि निष्कर्ष अंगणवाडी ताईंना दोन पानांत, मराठीत, परत आणून द्यावेत. ही तिसरी गोष्ट सगळ्यात क्वचित होते. गावाने वेळ दिला, मुले दिली, आणि गावाला काय कळले? काही नाही.

मुलांखेरीज म्हाताऱ्यांचाही हा प्रश्न आहे. अर्धांगवायू झालेल्या दर तीन रुग्णांपैकी साधारण एकाला वाचाघात होतो, म्हणजे जीभ हलते पण शब्द सापडत नाही, किंवा दुसऱ्याचे बोलणे उमगत नाही. घरचे म्हणतात, ‘बोलणं गेलं, डोक्यावर परिणाम झाला.’ डोके बहुधा शाबूत असते. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी 1861 साली फक्त ‘तान’ एवढेच बोलू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू पाहून भाषेची जागा दाखवली. तेव्हापासूनचे या विषयावरचे बरेचसे लिखाण युरोपीय भाषांच्या आधाराने झाले आहे. मराठीत ‘आई भाकरी करते’ आणि ‘आईने भाकरी केली’ या दोन वाक्यांत क्रियापद वेगवेगळ्या शब्दांच्या मागे जाते, पहिल्यात आईच्या, दुसऱ्यात भाकरीच्या. मेंदूला मार बसल्यावर हा दुवा कुठे तुटतो, हे इंग्रजी रुग्णाकडून कळणे शक्य नाही, कारण इंग्रजीत तो दुवाच नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने वृद्धांच्या स्मृती-भाषेच्या तपासणीसाठी चाचण्यांचा संच केला तेव्हा सुरुवातीला हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भारतीय भाषा घेतल्या. त्या पाचांत मराठी नव्हती. दुसऱ्या बाजूला, राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने वाचन-अक्षमता ओळखण्यासाठी केलेल्या ‘डाली’ संचात हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीही आहे आणि तो पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आहे. म्हणजे ठरवले तर होते. पण शाळेत पाऊल टाकण्याआधीचे मूल त्या संचाच्या अलीकडे राहते.

मोबाइल कंपन्यांचे आणि भाषायंत्रांचे लोक मात्र थांबलेले नाहीत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गुगलच्या मदतीने चाललेला ‘वाणी’ प्रकल्प देशातल्या प्रत्येक जिल्ह्यातले बोलणे गोळा करायला निघाला आहे. धाराशिवचा ‘पानी’ फोनला दवाखान्याच्या आधी कळण्याची चिन्हे आहेत.

मनुष्यबळ कुठून आणायचे, याचे उत्तर जिल्ह्यातच आहे. धाराशिवला 2022 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आता पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्याकडे जात राहावे लागते. रक्तदाब आणि वजन ही मुले नोंदवतातच, त्यात घरातल्या लहान मुलाच्या बोलण्याचे पाच प्रश्न घालायला खर्च नाही. आयुर्विज्ञान परिषदेची विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची संशोधनवृत्ती 1979 पासून आहे. तिचा अर्ज कान-नाक-घसा किंवा बालरोग विभागातल्या अध्यापकाच्या हाताखाली करता येतो. उच्चारांचे बारकावे एमबीबीएसच्या पोराला कळणार नाहीत, तिथे मुंबई-पुण्याच्या वाक्-श्रवण विद्यार्थ्याची जोड हवी. एकाने घर दाखवावे, दुसऱ्याने ऐकावे. दोन्हीकडचे अभ्यासक्रम वेगवेगळ्या परिषदांच्या ताब्यात आहेत, म्हणून हे अवघड आहे असे सांगितले जाईल. दोन विभागप्रमुखांनी एकमेकांना फोन केला तर सुरुवातीला तेवढे पुरे.

सुरुवात चित्रांपासून करावी. साठ चित्रे, कळंबच्या तीन वर्षांच्या मुलाने रोज पाहिलेल्या वस्तूंची: चूल, तवा, कोयता, बैल, शेळी, घागर, चप्पल, मोबाइल. स्ट्रॉबेरी आणि लिफ्ट नकोत. प्रत्येक चित्राला घरात काय म्हणतात हे आधी तालुक्याच्या चार बाजूंच्या आयांकडून विचारून घ्यावे, कारण ‘भाकरी’ आणि ‘भाकर’ यांतला शेवटचा स्वर गळला म्हणून कुणाला फुली मिळायला नको. मग तीन ते सहा वयाच्या दोन-तीनशे मुलांकडून ती नावे वदवून घ्यावीत, वयानुसार मांडावीत, आणि ज्यांचे कान आधी तपासून चांगले ठरले आहेत त्यांचीच गणती करावी. यासाठी उपजिल्हा रुग्णालयातली रस्त्यापासून आतली एक खोली लागेल, आणि उसाच्या टोळ्या परतल्यानंतरचे, शाळांना सुट्टी लागायच्या आधीचे चार आठवडे.